करवंदाच्या जाळीचे संरक्षण

एखादी जागा हिरवी आहे की नाही, हे जागेकडे पाहून ठरत नाही, नकाशाकडे पाहून ठरते. लहान मुलांना हे चटकन समजते, कारण रंगपेटी त्यांच्याकडे असते. मोठ्यांना सावकाश सांगावे लागते. म्हणून सावकाश सांगतो.

लोणावळ्याच्या कडेला आमचे सार्वजनिक उद्यान आहे. (दोन घसरगुंड्या, एक कारंजे. कारंजे पावसाळ्यात चालते.) उद्यानाला लागून टेकडीचा उतार होता. त्यावर करवंदाची मोठी जाळी, दोन ऐनाची झाडे आणि वरच्या ठाकरवाडीतल्या कस्तुराबाईंची पायवाट. मे महिन्यात कस्तुराबाई तिथली करवंदे पानांच्या द्रोणात भरून जुन्या हायवेवर विकत. त्यावर त्यांची पावसाळ्याची बेगमी होई. करवंदाला काटे का असतात, हे मी मुलांना तिथेच शिकवीत असे: झाड कोणी ओरबाडू नये म्हणून. नगरपरिषदेच्या नकाशात हा उतार हिरवा होता, म्हणजे बांधकामाला बंदी.

गेल्या वर्षी तो हिरवा रंग पुसून पिवळा भरावा, असा प्रस्ताव निघाला. पिवळा म्हणजे घरे.

सर्वांत कडाडून विरोध केला तो उद्यानापलीकडच्या 'वनराई' सोसायटीने. हे स्वाभाविक होते. तीही जागा पूर्वी हिरवीच होती, त्यामुळे हिरवा रंग गेला की काय होते, हे ते राहत्या घरातून पाहत होते. तिथल्या इमारतींची नावे 'हिरडा', 'बेहडा' आणि 'जांभूळ' अशी आहेत. (झाडाचे नाव इमारतीला देण्याआधी झाड काढावे लागते, नाहीतर पत्ता सांगताना घोटाळा होतो.)

हरित पट्टा बचाव समिती स्थापन झाली. अध्यक्ष तेजलताई; 'बेहडा', तिसरा मजला, डोंगराकडची बाल्कनी. समितीच्या पाहणीत सोसायटीतले शंभर टक्के लोक निसर्गप्रेमी निघाले. (पाहणी डोंगराकडच्या बाल्कन्यांतच झाली.) कस्तुराबाईंनाही समितीत घ्यावे, अशी सूचना आली होती. पण त्या नियमाप्रमाणे रहिवासी ठरत नव्हत्या. वाडीत त्यांच्या किती पिढ्या झाल्या, हा मुद्दा वेगळा.

प्रस्तावात एक वाक्य होते: 'सदर जागा पडीक, झुडपी व विनावापर आहे.' ते समितीला फार लागले. अधिकारी पाहणीला येण्याआधी ते खोटे पाडायचे ठरले.

प्रथम झुडपीपणा दूर केला. त्यासाठी जेसीबी आणला. (काट्यांना जेसीबी ठाऊक नव्हता.) मग ज्येष्ठांच्या गुडघ्यांचा विचार करून उतार सपाट केला. लॉन लावले. लॉनला पाणी हवे म्हणून नळ आला, नळासाठी मोटर, मोटरसाठी वीज, आणि वीज आलीच आहे तर दिवे. ट्रक जाईल एवढा रस्ता झाला. त्याला निसर्गवाट म्हणतात. 'झाडे वाचवा' हा फलक लांबून दिसावा, म्हणून मधले दोन ऐन काढले. शेवटी कुंपण, फाटक आणि कुलूप.

मे महिन्यात कस्तुराबाई पाटी घेऊन फाटकाशी आल्या.

"ताई, ह्ये कुलूप कुणासाठी?"

"बिल्डरसाठी, मावशी. तो आत घुसू नये म्हणून."

"त्यो करवंदं खुडाया येणार व्हता व्हय?"

"अहो, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं!"

"मंग जाळी कुटं हाय माजी?"

"जाळी काढावी लागली. पण जागा वाचणार!"

"लय ब्येस. आता जागाच इकते द्रोणात भरून."

तेजलताईंना मनापासून वाईट वाटले. त्यांनी कस्तुराबाईंना लगेच लॉनवर कामाला ठेवले. काम हलके होते: लॉनमधून वर येणारे करवंदाचे फुटवे उपटून टाकणे.

अधिकारी आले, निसर्गवाटेने गाडीतूनच आले. चहा घेतला, लॉनवर बसले, खूश झाले. अहवालाचे पहिले वाक्य असे: 'सदर जागा पडीक, झुडपी व विनावापर असल्याचे म्हणणे साफ चुकीचे आहे.' सोसायटीत पेढे वाटले गेले. उरलेला अहवाल दुसऱ्या दिवशी वाचला: 'जागा सपाट आहे. रस्ता, पाणी, वीज व कुंपण उपलब्ध आहे. एकही वृक्ष आढळला नाही. निवासी वापरास अत्यंत योग्य.'

आता तिथे पाया खणला जात आहे. लॉन गेले, त्याबरोबर कस्तुराबाईंचे कामही गेले. जुन्या हायवेवर त्यांची जागा रिकामी आहे. (तिथे सध्या नव्या इमारतीचा फलक उभा आहे. इमारतीचे नाव 'करवंद'.)

हे वाचून तुम्हाला राग आला असेल, तर तो चांगला आहे. वाया घालवू नका. 'करवंद'च्या मागे, ठाकरवाडीपर्यंतचा उतार नकाशात अजून हिरवा आहे आणि त्याचाही प्रस्ताव निघाला आहे. तुमच्यासारख्या कळकळीच्या माणसांची समितीला गरज आहे. अट एकच, रहिवासी असावे लागते.

आणि आत्ता तुमच्या मनात जो प्रश्न आला, त्याचे उत्तर: हो, डोंगराकडच्या बाल्कनीचे थोडे फ्लॅट शिल्लक आहेत.