सुखदेवभाऊंचा भोंगा

सुखदेवभाऊ घरी पंख्याखाली चहा पीत बसलेले असतात आणि त्याच वेळी तीन किलोमीटरवरच्या वावरात रानडुकरांवर ओरडत असतात. हा चमत्कार भोंग्याचा. मका वाढीला लागला की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भोंगा लावायचा, आपला आवाज त्यात भरायचा आणि वाजू द्यायचा, ही आमच्या वरवट बकालकडे आता रीतच झाली आहे. भाऊंच्या भोंग्यात ‘हाड, हाड! या बे कोनी, डुकरं आले!’ एवढंच आहे आणि मध्ये एक खोकला. आवाज भरताना ठसका लागला, तो तसाच राहिला.

मोटार मोबाईलवर चालू होते, पीक कॅमेऱ्यात दिसतं. वावरात का येत नाही असं विचारलं की भाऊ मोबाईल पुढे धरतात. “मी वावरातच हाओ ना.”

पण वावर मोबाईलवर दिसायला लागलं तसे भाऊ भ्यायला लागले. माझं वावर त्यांच्या धुऱ्याला लागून, म्हणून फोन मला. मक्यात काही हाललं, जाऊन पाहा. मी पाहावं तर वारा. कॅमेऱ्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही म्हणून त्यांनी दुसरा कॅमेरा लावला, तर भीती दुप्पट झाली. मला आधी हसू यायचं, मग वैताग.

परवा दिवस मावळायच्या सुमारास मी तूर निंदत होतो. ‘या बे कोनी’ सुरू झालं. बोंबल म्हटलं आणि निंदत राहिलो. बराच वेळ गेला. मग ध्यानात आलं की मधला खोकला येत नाही. विळा टाकून त्यांच्या मक्याकडे पळालो.

भोंग्याची बॅटरी उतरली म्हणून भाऊ स्वतः आले होते. मक्याच्या मधोमध उकिडवे बसून तेच ‘या बे कोनी’ ओरडत होते. साप, डुक्कर, अस्वल, मी सगळीकडे नजर फिरवली. काहीच नव्हतं. डोक्यावर गेलेला मका सळसळत होता आणि त्यातून बाहेर पडायची वाट त्यांना सापडत नव्हती. चाळीस वर्षं याच वावरात औत हाकलेला माणूस! खोटं कशाला सांगू, त्या सळसळीत उभं राहून मलाही भीती वाटली.

घरापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. दारात म्हणाले, “गजू, कोनाले सांगू नको.” मग म्हणाले, “उद्या वावरात जाशीन तं मले नेशीन? नुसता तुह्या धुऱ्यावर बसतो.”

सकाळी गेलो तर भाऊ पायात चपला घालून ओट्यावर तयार बसलेले. वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, “पहाटपासून बसून राह्यले. तुमी येता का नाई येत, याचंच भेव लागलं होतं त्याईले.”