निळकंठअप्पा आणि पाळण्याची रांग

निळकंठअप्पा जत्रेतल्या रांगेत माणसं मोजत नाहीत, चपला मोजतात. त्याही मनातल्या मनात नव्हे. बोट रोखून, मोठ्यानं, वर्गात हजेरी घ्यायचे तशा.

अप्पा आमचे शेजारी. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. पालीच्या पलीकडं आमचं गाव, आणि गावच्या जत्रेत दरवर्षी आकाशपाळणा येतो. पाळण्याला लागूनच कमिटीचा मांडव असतो. तिथं बसून मी माईकवर हरवलेल्यांची नावं पुकारतो, त्यामुळं अप्पांचे पराक्रम मला बसल्या जागी बघायला मिळतात.

या साऱ्याचं मूळ गिरजाकाकू, म्हणजे अप्पांची बायको. काकूंना लग्न झाल्यापासून पाळण्यात बसायचं होतं. त्यांचं माहेर धरणापलीकडं. वरून ते दिसतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पण बसायचं ते दोघांनी मिळून. आणि रांगेत ताटकळणं म्हणजे अप्पांच्या लेखी अडाणीपणा. "गर्दी वसरू दे गं, अकलेनं जाऊ," असं म्हणत त्यांनी कितीतरी जत्रा घालवल्या. निवृत्त झाल्यावर मात्र कमी गर्दीची नेमकी वेळ शोधायचीच, असा त्यांनी चंग बांधला.

पहिल्या वर्षी अप्पा पाटी-खडू घेऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. हिशेब सोपा होता. पाळण्याला बारा डबे, एका डब्यात दोघं. बसवणं, फिरवणं, उतरवणं धरून एका फेरीला दहा मिनिटं. रांगेत वीस-बावीस माणसं. अप्पांनी ठासून लिहिलं, 'इथून दहा मिनिटं.'

पाऊण तास झाला तरी शेवटचा माणूस तिथंच. कारण आमच्याकडं रांगेत माणूस उभा राहतो तो घरच्या सगळ्यांची जागा धरायला. जरा वेळानं तोही चपला काढून ठेवतो आणि उसाच्या रसाला जातो. नंबर आला की त्या एका जोडावर सासू, दोन जावा, त्यांची पोरं आणि सिरसाळ्याचे पाहुणे असं सगळं लटांबर हजर होतं.

"सर, तुमचे धा मिन्टं सरनात की!" अप्पांचा एक जुना विद्यार्थी ओरडला. "मग शाळंत आमाला कावून हाणत होता?"

दुसरा कुणी असता तर पाटी आपटून घरी गेला असता. अप्पा उरलेले दोन दिवस चपलांपाशी वही घेऊन बसले. निष्कर्ष निघाला: एक जोड म्हणजे साडेपाच माणसं, आणि जोड बायकी असेल तर सात. तेव्हापासून त्यांची पाटी फारशी चुकत नाही.

"रांग बघू नका, वेग बघा," असं ते येईल त्याला ऐकवतात. डबा अर्धा रिकामा गेलेला त्यांना खपत नाही. एकदा बांधावरून बोलणं टाकलेले दोन चुलतभाऊ त्यांनी एकाच डब्यात कोंबले. वर गेल्यावर दोघांनी एकमेकांना गच्च धरलं, आणि खाली उतरल्यावर पुन्हा तोंडं फिरवली.

काकूंची वेळ मात्र जमेना. कधी ती ऐन स्वयंपाकाची निघायची, कधी वीजच गेलेली असायची. मी मांडवातून चेष्टा करायचो, "काकू, यंदा तरी सुटलं का गणित?" काकू हसायच्या. आता त्याची मला लाज वाटते.

यंदा गणित सुटलं. शेवटचा दिवस, दुपारचे पावणेतीन. सगळा गाव कुस्त्यांना गेलेला, पाळण्याजवळ चिटपाखरू नाही. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून काकूंना रिक्षातून घेऊन आले.

"बघ, एक मिनिट थांबायचं न्हाई!"

पाळण्याला तीन लोखंडी पायऱ्या. काकूंचे गुडघे दोन वर्षांपासून गेलेले. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कठडा धरला, पाय खाली घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमी बसा. माज्या माहेरची पाण्याची टाकी दिसती का बघा."

"न्हाई, आपण दोघं..."

"बसा की. मी हाय न हितं."

पाळणेवाल्यानं त्यांना खुर्ची दिली. अप्पा एकटेच चढले. वर गेल्यावर त्यांनी हाक मारली, "गिरजे, दिसती गं!" काकूंनी खालून हात हलवला. पुढच्या गिरक्यांना अप्पांनी तोंडावर उपरणं धरलं होतं.

त्या वेळी मांडवात आम्ही कमिटीचे चौघं धडधाकट गडी बसलो होतो. काकूंना खुर्चीसकट उचलून डब्यात बसवणं अवघड नव्हतं. मी माईक हातात धरून नुसता बघत राहिलो.

हे सुचलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. धावत अप्पांच्या दारात गेलो, तर त्यांच्याकडून कळलं की पाळण्याचा ट्रक पहाटेच निघून गेलाय. मी खाली मान घालून चूक कबूल केली.

अप्पांनी मला शेजारी बसवून घेतलं. "जाऊ द्या," ते म्हणाले. "घंटाभर तिच्यासंगं रांगंत हुबं ऱ्हावं, हे मला जलमभर सुचलं न्हाई. तुमाला एका मिन्टात कसं सुचंल?"