डबा उघडायचा नाही

लग्न होऊन मी हैदराबादेत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारचे गोविंदराव पेशकार आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणाले, "वहिनी, तुमच्या माहेरी असं काय करतात, जे या गल्लीत कुणाला माहीत नाही?"

मी पुण्याची. त्यातून नवी नवरी. मला वाटलं, हा गृहस्थ माझ्या माहेरची अब्रू काढतोय. मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे खायला हो! गोड, तिखट, काहीही. तळायचं की भाजायचं, तूप किती, सगळं नीट सांगा."

मी रागारागानंच रव्याची बोरं कशी करायची ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, ओठांतल्या ओठांत घोकलं आणि "बरंय" म्हणून चालू पडले. चहासुद्धा घेतला नाही. आमचे हे म्हणाले, "मनावर घेऊ नकोस. गल्लीत नवी सून आली की ते विचारतातच. खादाड आहेत, झालं." आता खादाड म्हणावं तर माणूस अंगानं काडी. खाल्लेलं जातं कुठं, कुणास ठाऊक.

आमची गल्ली बेगम बाजाराच्या मागं. वारा फिरला की मिरच्यांच्या गोण्यांचा ठसका थेट माजघरात यायचा. पिढ्यान्‌पिढ्या निजामाच्या चाकरीत असलेली मराठी घरं, कुणी वकील, कुणी मास्तर, कुणी कारकून. घरात मराठी, कचेरीत उर्दू, भाजीवालीशी तेलुगू. पोरींच्या तोंडी तिन्हींची खिचडी. वकिलांची सुमन मला बोलवायला आली तेव्हा म्हणाली, "काकू, आई बुलावतेय, जल्दी या, नक्को म्हणू नका." मी कपाळाला हात लावला.

या पोरींना मराठी सण माहीत असावेत, मराठी गाणी यावीत, म्हणून गोविंदराव जिवाचा आटापिटा करायचे. कोजागरी, शिमगा, तिळगूळ, सगळं त्यांच्या अंगणात. त्यांना कुणी नेमलं नव्हतं की कुणी विचारलं नव्हतं. अदालतीत पेशकार म्हणजे न्यायाधीशासमोर दिवसभर लोकांचे अर्ज वाचायचे आणि त्यावरचा हुकूम लिहायचा. त्या कामातला एक शब्द त्यांच्या जिभेवर कायमचा बसला होता. नामंजूर! भाजीवालीचा भाव नामंजूर, जावयाचा फेटा नामंजूर. एका कोजागरीला आभाळ गच्च भरलं. आम्ही म्हटलं, आज काही चंद्र दिसत नाही, दूध पिऊन घरी जाऊ. "नामंजूर!" दुधावर साय धरली, मुलं पेंगली, चंद्र आला नाही तो नाहीच. त्यांनी चंद्राला सोडलं नाही आणि आम्हालाही.

पण त्यांचा खरा जीव नवरात्रातल्या भोंडल्यात. आता भोंडला म्हणजे पोरीबाळींचा खेळ. पाटावर हत्ती काढायचा, तो मधे ठेवायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचं. त्या खाऊला खिरापत म्हणतात. ओळखल्याशिवाय किंवा हरल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा कायदा. पुण्यात या खेळाच्या वाऱ्याला पुरुष उभा राहत नाही. इथं मिशीवाला पेशकार धोतराचा सोगा खोचून पाटावर हत्ती काढायला बसलेला! तोही हत्ती कसला? सोंड सोडली तर सगळी म्हैस.

"ही म्हैस आहे," मी म्हटलं.

"सोंड आहे ना? मग हत्ती."

"आणि बायकांच्या खेळात पुरुषाचं काय काम?"

"नामंजूर," ते म्हणाले आणि म्हशीला शेपूट काढलं.

खिरापतही स्वतःच करायचे. वास येऊ नये म्हणून डबा फडक्यात, फडकं केळीच्या पानात. पोरी डबा हलवायच्या, हुंगायच्या, ओरडायच्या, "करंजी!" की माडीवरून आवाज यायचा, ठक्. म्हणजे चूक. माडीवर गोविंदरावांच्या पत्नी असायच्या, त्यांना सगळे माई म्हणत. त्या वाईच्या. भोंडला या गल्लीत त्यांनीच आणला. पण बरीच वर्षं त्या आजारी होत्या, खाली येत नव्हत्या. वरून काठी आपटून निकाल तेवढा द्यायच्या. मला एवढंच माहीत होतं.

पहिल्या माळेला डबा उघडला तर आत माझी रव्याची बोरं! दगडासारखी कडक. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोविंदरावांनी डोळे वटारले. नंतर म्हणाले, "तुम्ही ओळखायचं नाही. तुम्ही साक्षीदार." मी मनात म्हटलं, चोर तो चोर, वर शिरजोर!

आता त्याच वर्षीची भानगड सांगते. तेव्हा निजामाच्या राज्यात चार माणसं जमायची तरी ठाण्यातून परवानगी घ्यावी लागे. दरवर्षी चालून जायचं, पण नवा अमीन आला, म्हणजे फौजदार म्हणा, आणि त्यानं अर्ज मागितला. गोविंदरावांनी अर्ज लिहिला. जलशाचा, म्हणजे सभेचा, अध्यक्ष कोण, ते त्यात लिहायचं होतं. यांनी लिहिलं, हत्ती. अर्ज परत आला. त्यावर एकच शब्द, नामंजूर.

जन्मभर दुसऱ्याला सुनावलेला शब्द माणसाच्या कपाळी आला! गल्लीत हसून हसून मुरकुंडी. गोविंदराव मात्र लालबुंद. "हे नामंजूर मला नामंजूर आहे," म्हणाले. आणि भोंडला सुरू केला.

तिसऱ्या माळेला फेर संपला, पोरी डब्याभोवती बसल्या आणि दारात अमीन उभा. मागं दोन जवान. बायकांनी पदर ओढले. अंगणातल्या एकूण एक घराची चूल सरकारी पगारावर पेटत होती.

"पेशकार साब, ये क्या है जी? वो फूलोंवाला है क्या?" अमीननं विचारलं. समोरच्या तेलुगू बायका फुलं रचून बतुकम्मा खेळायच्या, ते त्याला माहीत होतं.

"नाही. हा हत्तीवाला," गोविंदराव म्हणाले.

अमीननं पाटाकडे पाहिलं. म्हैस त्यालाही दिसली असावी. मग त्याची नजर गेली त्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यावर. "इसमें क्या है?"

"ओळखा."

"क्या?"

"ओळखा म्हणतोय. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही." ज्यांचं उर्दू ऐकून अदालतीतले वकील माना डोलवायचे, ते गोविंदराव मुद्दाम मराठीत बोलत होते.

"खोलो जी!"

"उघडणार नाही. ठाण्यावर न्या, नोकरी घालवा, काय करायचं ते करा. डबा उघडायचा नाही."

वकीलसाहेब मागून कळवळून म्हणाले, "अहो गोविंदराव, उघडा की! खाऊच तर आहे. पेन्शनीवर पाणी सोडता का?"

"सोडलं," गोविंदराव म्हणाले आणि डब्यावर पंजा ठेवून बसले. मला खरं सांगू, त्या माणसाचा संताप आला. एवढ्याशा खाऊपायी सगळ्या गल्लीला गोत्यात घालायचं म्हणजे काय!

जवान पुढं सरकला. तेवढ्यात आमची सुमन, वय किती, जीभ किती, अमीनला म्हणाली, "अमीनसाब, आपकू ओळखने नहीं आता क्या? हमकू तो आता!"

अमीनला ते झोंबलं. त्यानं जवानाला हातानं थांबवलं. "मिठाई है," तो म्हणाला.

ठक्.

अमीन दचकून वर बघायला लागला. "ऊपर कौन है?"

"वरचं कोर्ट," गोविंदराव म्हणाले.

"जलेबी?"

ठक्.

"सेवैयां? गुलगुले?"

ठक्. ठक्.

आता मात्र गडी पेटला. टोपी काढली, पायरीवर बसला, डबा कानाशी धरून हलवला. "मीठा कि तीखा, इतना तो बोलो अम्मा!" पोरी ओरडल्या, "गोड! गोड!" जवानही न राहवून मधे बोलले, त्यांनाही ठक्. शेवटी अमीन घाम पुसत म्हणाला, "हार गया बाबा. हार गया."

मग गोविंदरावांनी फडकं सोडलं. आत मलिदा होता. साधा पोळीचा कुस्करा, गूळ आणि तूप. अमीननं चिमूट तोंडात टाकली आणि तसाच राहिला. "अरे, ये तो हमारी अम्मी बनाते थे! नियाज का मलीदा! मेरेकू कैसे नहीं समझा?" नियाज म्हणजे त्यांच्यातला नैवेद्य.

वरून या वेळी काठी वाजली नाही. वरून हसणं आलं. अडखळत, घशात अडकत, पण पोट धरून हसावं तसं. गोविंदराव मान वर करून ते ऐकत उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तोवर एकदाही तसा पाहिला नव्हता.

अमीन त्यांच्या कानाशी हळूच म्हणाला, "अर्जी में हाथी कायकू लिखे साब? घर की रस्म लिखके देव, बस." दारापर्यंत गेला आणि वळला. "कल क्या है डब्बे में?"

"ओळखा," गोविंदराव म्हणाले. मग मात्र अस्सल उर्दूत त्याचे आभार मानत त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. जाताना माझ्या हातात मलिद्याची वाटी दिली. "वहिनी, एवढी वर नेता?"

माडीवर मी पहिल्यांदाच गेले. माई खाटेवर होत्या. अर्धं अंग गेलेलं, तोंड वाकडं झालेलं, चांगल्या हातात काठी. डोळे मात्र असे लकाकत होते की मला त्यांच्यात फेर धरणारी मुलगीच दिसली. "ह...रला?" त्यांनी विचारलं.

"हरला, माई. फौजदार हरला."

त्या पुन्हा हसल्या. मग माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "बो...रं. तू." मला रडू आवरेना. मी वाटी ठेवली आणि बाहेर पळाले.

जिन्यात गोविंदराव वर येत होते. माझा चेहरा बघून थांबले. "वहिनी, तिला आता काही आठवत नाही हो. माणसांची नावं गेली, गाणी गेली. पदार्थ तेवढे राहिलेत. रोज मी दोन-चार सांगतो, ती एक निवडते. तिला जिंकायचं असतं. त्यानं दमदाटीनं डबा उघडला असता, तर आजचा दिवस गेला असता तिचा." त्यांनी कठडा घट्ट धरला. "डॉक्टर म्हणतात, पुढचा भोंडला काही..."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? नामंजूर." आणि एकदम खाली बघून म्हणाले, "उद्यासाठी काहीतरी सांगा ना. जरा अवघड सांगा. सोपं तिला खपत नाही."

मी तिथंच पायरीवर बसले. डोळे पुसले आणि माझी आई साटोऱ्या कशा करायची ते सांगायला लागले. खवा कसा भाजायचा, सारण कसं भरायचं. ते डोळे मिटून घोकत होते. मी तुपापर्यंत आले आणि माडीवरून काठी वाजली. ठक्.

"ते माहीत आहे तिला," गोविंदराव म्हणाले. "दुसरं सांगा."