आठवं बदक

संपादकबाईंनी त्या पुस्तकाची मुद्रिते अकरा वेळा तपासली होती. सोळा पानांच्या चित्रपुस्तकात अक्षरे ती किती असणार? पण बाई एकेक वेलांटी चिमटीत धरून उजेडात पाहणाऱ्यांतल्या. तीन हजार प्रती छापून आल्या, तेव्हा त्यांतली पहिली त्यांनी मोठ्या तोऱ्यात पाच वर्षांच्या भाचीच्या हातात ठेवली. भाचीला वाचता येत नव्हते; त्यामुळे तिने पुस्तक नीट पाहिले.

"मावशी, इथं काय लिहिलंय?"

"तळ्यात पोहती बदके सात, मान वळवून मागे पाहात."

"पण ही तर आठ आहेत."

"नीट मोज गं, राणी."

भाचीने बोट ठेवून मोजली. मग मावशीने मोजली. मग मावशीने चष्मा पुसून मोजली. बदके काही ऐकायला तयार नव्हती. पुस्तकाचे नाव होते 'अचूक मोजूया', आणि प्रकाशन परवावर आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशनसंस्थेच्या मालकांनी कपाळाला हात लावला. "अकरा वेळा तपासलंत तरी काय?"

"अक्षरं."

"आणि बदकं?"

"बदकं चित्रकारांकडे असतात."

चित्रकाराला बोलावणे गेले. तो बराच वेळ चित्राकडे कौतुकाने पाहत राहिला. "सातच काढली होती हो. पण डावीकडे जरा रिकामं रिकामं वाटत होतं."

मग राहिले मार्गदर्शक. मुखपृष्ठावर त्यांचे नाव लेखिकेच्या नावापेक्षा मोठे होते. गेली वीस वर्षे ते बालमनाचा अभ्यास करत होते, आणि मुले फार गोंगाट करतात म्हणून तो घरी बसूनच करत होते. या पानावर त्यांनी पिवळ्या रंगाच्या परिणामाबद्दल चार पानी टिपण दिले होते. बदके मोजणे हे त्यांच्या पातळीचे काम नव्हते.

"ओळीतल्या साताचं आठ करून टाका की," मालक म्हणाले.

"पुढच्या पानावर आठ मासे आहेत," बाई पुटपुटल्या.

शेवटी मालकांनीच तोडगा काढला. कमळाच्या पानाचे हिरवे स्टिकर छापायचे आणि जादा बदक त्याखाली झाकायचे. दुपारपर्यंत स्टिकर आले. टेलिफोनवरच्या बाई, गोदामवाले, मालकांच्या सासूबाई, सगळे चिकटवायला बसले.

"कुठलं बदक झाकायचं?" सासूबाईंनी विचारले.

"कुठलंही झाका हो!" मालक घाईत म्हणाले. या एका 'कुठलंही'ने घात केला. टेलिफोनवरच्या बाईंनी बोलता बोलता एका पानाखाली दोन-दोन बदके घातली. गोदामवाल्यांच्या प्रतींत पानाबाहेर शेपट्या राहिल्या. सासूबाईंना तर बदक गुदमरेल असे वाटले. त्यांनी आपली चारशे पाने मोकळ्या पाण्यात लावली.

प्रकाशन एका शाळेच्या सभागृहात होते; मुलांना चाळायला एकेक प्रत दिली होती. मार्गदर्शक 'मुलांना कंटाळा का येतो' या विषयावर चाळीस मिनिटे बोलले, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांना ते पटले. मग त्यांनी गोड आवाज काढला. "बाळांनो, बदकांचं पान उघडा बरं. किती बदकं आहेत?"

"सात!"

"सहा!"

"आठ!"

"साडेसात!" पहिल्या रांगेतली एक मुलगी ओरडली. तिच्या प्रतीत शेपटी बाहेर होती. तिने नखाने पान खरवडले आणि किंचाळली, "अय्या, खाली एक लपलंय!"

सभागृहात एकच हलकल्लोळ उडाला. शंभर नखे कामाला लागली. ज्यांच्याकडे दोन निघाली ती खुर्च्यांवर चढून नाचू लागली. ज्यांच्या पानाखाली नुसते पाणी निघाले ती शेजाऱ्याच्या पुस्तकात घुसली. व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या संपादकबाईंना धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. मालक दाराकडे सरकू लागले.

मार्गदर्शक मात्र हलले नाहीत. मुले हसताहेत आणि पालक विकत घ्यायला उठताहेत, हे त्यांनी एका नजरेत ओळखले आणि माईक जवळ ओढला. "नेमकं हेच आम्हाला हवं होतं! याला मी शोधक मोजणी म्हणतो."

संध्याकाळी बाईंनी धीर करून विचारले, "सर, शोधक मोजणी म्हणजे?"

"वीस वर्षांचं चिंतन आहे, बाई," ते म्हणाले. "एका वाक्यात कसं सांगू?"

महिनाभरात सगळ्या प्रती संपल्या. दुसरी आवृत्ती निघाली, मुखपृष्ठावर 'शोधक मोजणीसह' असा ठसठशीत शिक्का घेऊन. बाईंनी या वेळी सगळ्यांना दम भरला होता, "आता एकही चूक चालणार नाही." त्यांनी स्वतः मुद्रिते बारा वेळा वाचली. स्टिकरही मशीनवर लागले, सगळे एका जागी, सरळ रेषेत.

आठवडाभराने मालकांनी बाईंना आत बोलावले. टेबलावर पालकांच्या पत्रांचा ढीग होता. मालकांनी वरचे एक वाचून दाखवले. "पान काढलं, तर खाली काहीच नाही. आमची मुलगी दोन तास रडत होती. लहान मुलांच्या पुस्तकात एवढा हलगर्जीपणा?"

चित्रकार कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. बाईंनी भरलेला दम त्याने मनाला लावून घेतला होता आणि आठवे बदक गुपचूप पुसून टाकले होते.

"पण सर," बाई चाचरत म्हणाल्या, "आता बदकं बरोब्बर सात आहेत. मी स्वतः मोजली."

मालकांनी पत्र टेबलावर आपटले. "बाई, एवढीशी चूक, तीसुद्धा तुम्हाला धड छापता येऊ नये?"