सी ड्राइव्हवरील जागा आणि अखंड सेवेचे ६२५ दिवस

जगात जागा कधीच कमी नसते; ती फक्त आधी आलेल्यांकडे असते. लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या वनस्पती संशोधन संस्थेच्या सर्व्हरवर हे तत्त्व शिस्तीत पाळले जाते. सर्व्हरच्या डिस्कचे दोन भाग आहेत. सी ड्राइव्ह शंभर जीबीचा असून भरलेला आहे. डी ड्राइव्ह दोन हजार जीबीचा असून रिकामा आहे, कारण तो 'भविष्यातील गरजांसाठी राखीव' आहे. (सध्याच्या गरजा बऱ्याच आहेत, पण त्या नियमात बसत नाहीत.)

सोमवारी सकाळी सीवर ३.१ जीबी जागा उरली होती. अवनीला सहा हवी होती. अवनी आमची संशोधक विद्यार्थिनी. मलिहाबादच्या आंब्यांच्या पानांवरील रोगाची तीन वर्षांची मोजमापे तिच्याकडे आहेत. त्यांचे शेवटचे गणित सर्व्हरवर चार तास चालणार होते आणि प्रबंध शुक्रवारी पाचच्या आत जमा करायचा होता, नाहीतर नोंदणी रद्द. (मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा मागण्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.)

संस्थेने तातडीने पाऊल उचलले, म्हणजे समिती नेमली. अध्यक्ष डॉ. हेमा मॅडम, सचिव मी. (माझी पदवी भौतिकशास्त्राची, निवड टायपिंग येते म्हणून.) समितीने सर्वांना लिहिले, की आपल्या अनावश्यक फायली कळवाव्यात. चाळीस जणांची उत्तरे आली. चाळीसही जणांनी दुसऱ्यांच्या फायली अनावश्यक असल्याचे कळवले आणि पुराव्यादाखल स्क्रीनचे फोटो जोडले. हे फोटो सीवर जतन करण्यात आले. बुधवारी १.४ जीबी उरली.

मग समितीने सर्वांत मोठी फाइल शोधली. ती ४८ जीबीची निघाली. नाव पेजफाइल, मालक 'सिस्टम'. या नावाचा कर्मचारी आस्थापना विभागाच्या यादीत आढळला नाही. मी खुलासा केला, की ओट्यावर जागा संपली की आपण भांडी तात्पुरती जेवणाच्या टेबलावर ठेवतो, तसा संगणक मेमरी कमी पडली की उरलेले सामान या फाइलीत ठेवतो. टेबल दुसऱ्या खोलीत, म्हणजे डीवर, हलवले तरी चालते.

मॅडमनी तरीही ती पुसून पाहिली. 'फाइल वापरात आहे' असे उत्तर आले. समिती सावरून बसली. निम्मी जागा अडवून बसलेला, काय करतो हे कोणालाच माहीत नसलेला, आणि हलवायला गेले की 'मी कामात आहे' म्हणणारा. हा कोणीतरी वरिष्ठच असणार. इतिवृत्तात पेजफाइलच्या आधी 'माननीय' लावण्यात आले.

डी ड्राइव्ह राखीव असल्याचा आक्षेप मी दूर केला. फाइल अजून तिथे गेलेली नाही, तेव्हा तिची तिथली गरज भविष्यातलीच आहे. हे सर्वांना पटले. (मलाही.)

राहिले चंद्रशेखर काका. ते मूळचे साताऱ्याचे, हवाई दलातून निवृत्त झालेले आणि आता सर्व्हर सांभाळणारे. फाइल खरोखर हलते ती सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर, आणि काकांच्या दारावर फळा होता: 'अखंड सेवा: ६२३ दिवस'. शुक्रवारी ६२५ दिवसांचा सत्कार समारंभ ठरला होता. सत्कारमूर्ती सर्व्हर.

"काका, नऊ मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

"सव्वीस वर्षं विमानं सांभाळली. माझ्या हातून एक बंद पडलं नाही. हे तर जमिनीवर उभं आहे."

"काका, प्लीज. मेरी तीन साल की पत्तियाँ हैं," अवनी म्हणाली. (तिचे वडीलही हवाई दलात, त्यामुळे बालपण उत्तरेत गेलेले. तिला मराठी सगळे कळते, उत्तर मात्र हिंदीत येते.)

"शुक्रवार होऊ दे, पोरी. सोमवारी बघू."

"सोमवार को तो मैं स्टूडेंट ही नहीं रहूँगी!"

काकांनी फळ्याकडे पाहिले आणि मला म्हणाले, "सेटिंग बदलून ठेव. बंद मात्र करायचं नाही."

मी ती बदलली. इतिवृत्तात नोंद केली: 'बदल तत्त्वतः लागू झाला असून प्रत्यक्षात लागू होणे बाकी आहे.'

शुक्रवारी अकरा वाजता सर्व्हरच्या खोलीबाहेर समारंभ सुरू झाला. सर्व्हरला शाल घालण्यात आली. (पंख्याची जाळी झाकली जाते म्हणून लगेच काढण्यात आली.) निशातगंजहून आलेल्या माइकवाल्याने काकांना विचारले, "अंकल, सबसे भरोसे का प्लग कौन सा है? भाषण के बीच में बिजली न चली जाए."

काकांचा ऊर भरून आला. "अंदर, वो कोनेवाला. छह सौ पच्चीस दिन में एक बार भी नहीं गया."

माइकवाल्याने तिथली पिन काढून आपली लावली. "कभी न रुकने वाली यह सेवा," मॅडम म्हणाल्या, आणि आतली घरघर थांबली. माइकचा आवाज अतिशय स्वच्छ होता.

काका आत गेले. माइकची पिन उपटली, सर्व्हरची लावली. नऊ मिनिटांनी स्क्रीन उजळला. सीवर ४९.२ जीबी मोकळी होती. माननीय डीवर रुजू झाले होते.

"अवनी, बघतेस काय? चालू कर!" काका ओरडले. मग बाहेर येऊन त्यांनी ६२५ पुसले आणि शून्य लिहिले. (संस्थेत कोणी काही पुसल्याची ही पहिलीच नोंद.)

प्रबंध चार बावन्नला जमा झाला. अवनीने काकांना पेढा दिला आणि चक्क मराठीत म्हणाली, "काका, उद्या एक लिहा."

जागा मोकळी केल्याबद्दल समितीचे अभिनंदन झाले. समारंभाचे व्हिडिओ आणि फोटो चार प्रतींत सीवर जतन करण्यात आले. सोमवारी २.९ जीबी उरली.

हा अहवाल ज्यांना पाठवला, त्या सर्वांना अवनीने आनंदाने आपला प्रबंधही पाठवला आहे. तो चौदा एमबीचा आहे. तुम्हाला पाठवलेली प्रत मात्र तुमच्या मेलबॉक्समध्ये जागा नसल्यामुळे परत आली. सवडीने काहीतरी पुसावे आणि तसे कळवावे. (काय अनावश्यक आहे हे विचारण्याची चूक समिती पुन्हा करणार नाही.)