स्टॉकहोमच्या फोटोंतून गायब झालेलं बाळ

या प्रकरणात दाजींचा फायदा सरळ होता. त्यांच्या सुनेला, सुनीतीला, कंपनीने स्टॉकहोमची नेमणूक देऊ केली होती. ते शहर बाळ वाढवायला नालायक ठरलं, की नातू गुरुग्रामलाच राहणार आणि दर रविवारी आजोबांच्या मांडीवर येणार. दाजींनी हे कधी कबूल केलं नाही. ते म्हणत, मला फक्त सत्य हवं असतं.

दाजी म्हणजे माझ्या अहिल्याताईचे यजमान, गुणवंतराव. केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मुक्काम आर. के. पुरम. स्वतःची ओळख ते अशी करून देतात: "दिल्लीत हुशार माणसं पुष्कळ आहेत, पण बघणारा मी एकटा." सेक्शनचा हरवलेला स्टेपलर त्यांनी एकदा शोधून काढला होता. तो त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होता, हा तपशील त्या कथेत येत नाही. मी दत्तात्रय. फरीदाबादच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी दाजींचा मदतनीस असतो. मदतनीस म्हणजे टॅक्सी बोलावणारा.

नेमणूक घ्यायची की नाही हे ठरवायला सुनीती, तिचा नवरा विलास आणि त्यांचा आठ महिन्यांचा चिनू शहर बघायला गेले. घरच्या ग्रुपवर फोटो येऊ लागले. राजवाडा, जुन्या गल्ल्या, आणि पहिल्याच सफरीत बुडालेलं एक जहाज, जे तिथले लोक संग्रहालयात ठेवून तिकीट लावून दाखवतात. आपल्याकडे असल्या बुडालेल्या योजना फुकट बघायला मिळतात.

रविवारी दाजींनी मला बोलावून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. विचार करताना त्यांना दिसायची गरज नसते.

"दत्तू, या फोटोंत काय दिसतं?"

"जहाज."

"काय दिसत नाही?"

खरंच की, चिनू एकाही फोटोत नव्हता. राजवाड्याच्या फोटोची कड विलासच्या खांद्याशी कापलेली होती आणि तिथे एक चिमुकला पिवळा मोजा लोंबत होता. दाजींनी तो 'स्थानिक फॅशन' म्हणून निकालात काढला.

पहिला निष्कर्ष: बाळ हॉटेलात कोंडलंय. पुरावा, सुनीतीचा टवटवीत चेहरा. एवढ्या लहान बाळाच्या आईची इतकी झोप होतच नाही. दुसरा: कॅफेच्या फोटोत काचेबाहेर थंडीत एक बाबागाडी एकटीच उभी. म्हणजे बाळ हरवलंय आणि हे दोघे कॉफी पिताहेत. मी म्हटलं, तिथे आयाबाया गाडी बाहेरच ठेवतात, बाळं मोकळ्या हवेत झोपतात, असं विलास सांगत होता.

"दत्तू, इथे लोक स्कूटरसुद्धा अशी सोडत नाहीत."

तिसरा निष्कर्ष भव्य होता. बाळ गेलंच नाही, ते गुरुग्रामच्या एखाद्या पाळणाघरात लपवलंय. आम्ही टॅक्सीने विलासच्या सोसायटीत पोचलो. गार्ड म्हणाला, "साहब, बच्चा तो साथ में गया. मैंने ही गाड़ी में बैग रखे थे."

"पढवलेला साक्षीदार," दाजी माझ्या कानात म्हणाले. "न विचारता बॅगा सांगतोय."

घरी येऊन त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. ताई मटार सोलत बसली होती. दाजींनी ऑफिसातल्या आवाजात सुनेला सांगितलं, की बाळ तत्काळ हजर करावं; जिला आपलं मूल कुठे आहे हे दाखवता येत नाही, तिने परदेशी नोकरीच्या गोष्टी करू नयेत.

सुनीतीने फोन खाली वळवला. चिनू तिच्या मांडीवर पिवळा मोजा चोखत बसला होता.

"आई, तुम्ही बाबांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं कुठे?" ताईने शेंग मोडली. "मीच म्हटलं होतं, ग्रुपवर बाळ दिसू देऊ नका, कातरून टाका. ग्रुपवरच्या प्रभावहिनी 'किती गुटगुटीत' म्हणाल्या की त्याला जुलाब लागतात. मला वेगळे फोटो येतात रोज."

"आणि मला?"

"तुम्ही सेक्शनभर फॉरवर्ड करता."

मला वाटलं, आता सगळे हसतील. सुनीती हसली नाही.

"बाबा, मी नेमणुकीला नाही म्हणणार होते. म्हटलं, चिनूला आजोबा हवेत. आता हो कळवते."

ताळेबंद असा: सुनीतीला नेमणूक मिळाली, विलासला बर्फ, चिनूला दृष्ट लागली नाही. टॅक्सीचे मी भरले. बाकी सगळं दाजींनी भरलं. रविवारी त्यांच्या मांडीवर आता ताईचा फोन असतो, तोही ती देईल तेवढा वेळ.