निष्काम पोहे

सत्कर्माची खरी कसोटी कृतीत नसते, हेतूत असते, असं सगळ्या धर्मांतली थोर माणसं सांगून गेली आहेत. आमच्या परदेशीपुऱ्यातल्या गल्लीत ही कसोटी पोह्यांवर लागते.

सायमन पारधे सर माझे शेजारी. मूळचे नगरकडचे, गणिताचे निवृत्त मास्तर, रविवारचं चर्च न चुकवणारे. पत्नी रूथबाई गेल्यापासून एकटेच राहतात. गल्लीत कुणी आजारी पडलं की सर पोहे करून नेतात, पण उंबऱ्यावर थबकतात आणि स्वतःलाच मोठ्यानं विचारतात, "कुणासाठी रे, सायमन?" उत्तर पटेपर्यंत पोहे गार होतात.

त्यांचं प्रमेय साधं आहे. चांगल्या कामाची शाबासकी इथंच मिळाली, तर देवाकडे मागायला तोंड उरत नाही. म्हणून कुणी धन्यवाद म्हटलं की सरांचा चेहरा पडतो. "गेलं! उदाहरण चुकलं." आणि चुकलेलं उदाहरण पुन्हा सोडवायचं, ही मास्तरकीतली सवय. दुसऱ्या दिवशी परत पोहे.

ही सोय पहिल्यांदा समोरच्या तिवारीजींच्या ध्यानात आली. मुरगळलेला पाय बरा झाल्यावरही ते खिडकीत बसून राहायचे आणि सर दिसले की हात जोडायचे. "सरजी, आप तो देवता हो!" मग मला डोळा मारायचे, "भिया, कल सेव भी आएगी."

"वर बक्षीस मिळावं म्हणून करत असाल, तर तोही सौदाच की," मी एकदा सरांना डिवचलं.

चार दिवसांनी सकाळीच सर दार वाजवून म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे तुझा. झोप उडवलीस माझी, गधड्या." आमच्याकडे समाजसेवकांचे सत्कार पुष्कळ होतात, पण आपल्याच हेतूवर असा संशय घेणारा माणूस मी कुठल्याही शालीत पाहिलेला नाही.

एकाच घरी सरांचं उदाहरण सुटायचं. कोपऱ्यावर एकट्या राहणाऱ्या लेले आजींकडे. सर रोज सकाळी पोह्यांचा डबा न्यायचे. आजी पहिला घास घेऊन म्हणायच्या, "मीठ कमी आहे, पारधे. शिकवलं कुणी तुम्हाला?" सर उजळलेल्या चेहऱ्यानं परत यायचे. "एक तरी काम शुद्ध आहे माझं!"

मध्यंतरी मुलगा आजींना कायमचा पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसताना आजींनी सरांचा हात धरला. "तुम्ही होतात म्हणून निभावलं, पारधे. फार उपकार झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर डबा घेऊन आजींच्या कुलपासमोर उभे.

"सर, आजी गेल्या ना काल?"

"माहीत आहे रे. पण आभार मानून गेल्या, म्हणजे पुन्हा करणं आलं." मग कुलपाकडे बघतच म्हणाले, "'कुणासाठी'चं उत्तर मात्र आज सापडलं. रूथसुद्धा रोज मिठावरूनच बोलायची. मी आजींसाठी जातच नव्हतो."

मी त्यांच्या हातातला डबा घेतला, पायरीवर बसलो आणि खायला लागलो.

"मीठ कमी आहे, सर."

"उद्या नीट करून आणतो," ते म्हणाले आणि शेजारी बसले.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी तसं म्हणालो, असा कुणी समज करून घेऊ नये. मीठ खरोखरच कमी होतं.